रापणीतली हौसाबाई

ज्या बंदराची ही गोष्ट आहे, त्याचं नाव मी सांगणार नाही. मालवणच्या अलीकडे आहे, वाळू पांढरी आहे, काठाला सुरूची झाडं आहेत, आणि शेवटचा रस्ता असा आहे की जीपमध्ये बसलेल्या माणसाला आपल्या अंगात हाडं किती ते एकेक करून कळतं. एवढं पुरे. नाव सांगितलं की तुम्ही जाल. तुम्ही कसे जाता हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण दर रविवारी सकाळी तुमच्या जेवणाची पार्सलं मीच बांधून देत आलोय.

मी खानावळवाला. कोल्हापुरात रंकाळ्याच्या अंगाला, कोकणात उतरणाऱ्या गाड्या जिथून शहर सोडतात तिथं आमची ‘हौसाबाई खानावळ’ आहे. हौसाबाई म्हणजे माझी आई. तिनं एका शेगडीवर गुळाच्या बाजारातल्या हमालांना जेवू घालायला सुरुवात केली. गल्लीत कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झाली, की आई अल्युमिनियमच्या किटलीतून रस्सा पाठवायची. ती किटली कधी रिकामी परत आली नाही. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, ही आपल्याकडची रीतच आहे. कोणी मूठभर साखर घालायचं, कोणी चार शेंगा, एका घरानं तर नुसती तुळशीची मंजिरी घातली होती. आई झाकण उघडून बघायची आणि अशी हसायची की जणू आतून सोन्याचा हार निघाला.

आईचा फोटो मात्र आम्ही कधी काढला नाही. आज काढू, उद्या काढू, करता करता ती गेली.

पुढं नव्वदच्या दशकात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि मी आधुनिक झालो. तांबडा रस्सा एका पातळ पिशवीत, पांढरा दुसरीत, वर गाठ, आणि सगळं मिळून एका छापील कॅरीबॅगमध्ये. ती कॅरीबॅग म्हणजे माझी कलाकृती. रंग लालभडक. वर आईचं चित्र. सिनेमाचे बोर्ड रंगवून हात बसलेला एक म्हातारा पेंटर होता, त्याच्यापुढं बसून मी तीन दिवस आईचं वर्णन केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे काढले आणि मी बोलायचा थांबलो. नाक जरा नटीचं झालं होतं, पण डोळे आईचे. खाली मी स्वतः रचलेली ओळ: ‘एकदा याल, तर पुन्हा याल.’

आता निघू या.

घाट

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जानेवारीतला सोमवार, खानावळीची सुट्टी. जीपमध्ये तिघंच. मी, माझी बायको मंगल, आणि गाडी चालवायला नाना पैलवान. नाना मूळचा शाहूवाडीकडचा. तरुणपणी कुस्त्या केल्या, आता देहाचा विस्तार राहिलाय आणि जिभेवर ताबा राहिलेला नाही. तो माझा लहानपणापासूनचा मित्र; माझ्या आईला तो मावशी म्हणायचा.

कोकणात जाताना कोल्हापूरचा माणूस जी चूक करतो, ती आम्हीही केली. जिथं समुद्रातून निघालेला मासा अर्ध्या तासात ताटात येतो, तिथं आम्ही मटणाचा रस्सा बांधून नेला.

“कोकणात जाऊन उपाशी मरायचं हाय व्हय?” नाना म्हणाला. “मासं खाऊन माणूस जगतोय, पण त्येला जगणं म्हणत न्हाईत.”

मंगलनं आईची जुनी किटली पाण्यानं भरून पायाशी ठेवली. तिचा माझ्या पिशव्यांवर पहिल्यापासून विश्वास नव्हता.

गगनबावड्यापर्यंत उसाची शेतं, गुऱ्हाळांचा गोड धूर, सगळं आपल्या ओळखीचं. मग रस्ता एकदम कड्यावरून खाली बघतो. एका वळणाला नानानं समोरच्या ट्रकला वाट दिली, गाडी डावीकडं कलली, आणि त्याच्या मांडीशी ठेवलेली पांढऱ्या रश्श्याची पिशवी फुटली. नाना नेहमी पांढरं धोतर नेसतो, त्यामुळं पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण रस्सा गरम होता. एवढा मोठा माणूस बसल्या जागी किती उंच उडू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

“अक्षी तिखट न्हाई म्हणून वाचलो,” तो धोतर झटकत म्हणाला. “तांबडा असता तर मला हितंच पुरलं असतं तुम्ही.”

मंगलनं किटलीतलं पाणी रस्त्याकडेच्या झाडाला घातलं, उरलेला रस्सा किटलीत ओतला आणि फुटकी पिशवी माझ्या हातात दिली. मी ती सरळ दरीत टाकली. लपवत नाही. वाऱ्यावर छान तरंगत गेली. मी तिच्याकडं कौतुकानं बघतसुद्धा होतो.

रापण

दुपारी बंदरावर पोचलो तेव्हा किनाऱ्यावर रापण ओढायची चालली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. गावच्या गाव दोरीला लागतं. पुरुष, बायका, म्हातारे. कोणी घाई करत नाही, कोणी थांबतही नाही. आमच्याकडं चार माणसं खाट हलवायची म्हटलं तरी दहा जण ओरडतात. इथं चाळीस माणसं समुद्र ओढत होती आणि ऐकू काय येत होतं, तर पायाखालची वाळू.

लुगड्याचा काष्टा मारलेली एक साठीतली बाई दोरीच्या पुढच्या टोकाला होती. हिचं नाव भागीरथी. तिची मालवणी मला जशी ऐकू आली तशी लिहितो, चूकभूल माझी.

“खयचे रे तुमी?”

“कोल्हापूरचे.”

“मगे दोरीक हात लावा. बगतास काय नुसते? हात लावतलो तेका वाटो गावतलो.”

म्हणजे जो दोरीला हात लावेल त्याला मासळीतला वाटा. ओळख असो नसो, जात कुठली, गाव कुठलं, कोणी विचारत नाही. नाना पुढं झाला. त्यानं अंगरखा काढला, दोरी धरली आणि तालमीतला हुंकार दिला. पहिल्याच हिसक्याला पलीकडच्या बाजूचे दोन म्हातारे बसकण मारून खाली आले.

“पावण्या, समुद्र तुझो वैरी नाय,” भागीरथी म्हणाली. “हळू.”

मग मी आणि मंगलही दोरीला लागलो. पाऊण तासानं जाळं वाळूवर आलं. चांदीसारखे बांगडे, तारल्या, दोन-तीन चिडलेले खेकडे. आणि त्यात गुंतलेला कचरा. बाटल्या, चपला, दोऱ्यांचे तुकडे, पिशव्या. बायका खाली बसून निवडायला लागल्या. मासळी टोपलीत, कचरा मागं. हात चालू, तोंड चालू.

“ही बघ, हौसाबाई इली.”

“हय आनी एक हौसाबाई.”

“मेली सुटना नाय. जाळ्याक चिकटून बसली.”

मला आधी वाटलं, त्यांच्यातल्याच कोणाचं नाव असेल. मग एकीनं जाळ्यातून ओढून काढून काहीतरी मागं फेकलं, ते माझ्या पायाशी पडलं. माझी पिशवी. लाल रंग उडून ती फिकट गुलाबी झाली होती. अक्षरं अर्धी गेली होती. आईच्या कपाळावरचं कुंकू गेलं होतं. चित्राची काळ्या शाईतली रेघ तेवढी टिकली होती. डोळे राहिले होते.

त्या बंदरावर पिशवीला हौसाबाईच म्हणत. रोज जाळ्यात तीच सापडायची, तिच्यावर नाव लिहिलेलं होतं, मग बायकांनी तेच नाव ठेवलं. माझीच नव्हे, कुठलीही पिशवी आली तरी ती हौसाबाई.

भागीरथीनं माझ्याकडं पाहिलं. “कोल्हापूरचे ना तुमी? हिका वळाखतास?”

वाचकहो, मी बोलका माणूस आहे. गल्ल्यावर बसून मी गिऱ्हाईकाला हाडाच्या तुकड्यावरसुद्धा पोवाडा ऐकवू शकतो. त्या वेळी माझ्या तोंडून एवढंच निघालं:

“नाही. कोल्हापूर मोठं आहे.”

माझ्या मागं नाना उभा होता. त्याच्या हातात आमच्या तांबड्या रश्श्याची पिशवी होती, कोरी करकरीत, लालभडक, आईच्या कुंकवासकट. त्यानं ती हळूच पाठीमागं लपवली. नानाची पाठ पुष्कळ रुंद आहे, पण मंगल त्याच्या पाठीमागंच उभी होती. तिनं ती पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि माझ्यापुढं धरली.

“आता सांगा की,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी न्हाय सांगणार. आई तुमची हाय.”

मी दोन्ही पिशव्या बघितल्या. एक नवी, एक समुद्रातली. मग खाली बसलो.

“माझी आई आहे,” मी भागीरथीला म्हणालो. “खानावळ माझी. पिशवी माझी. चित्रही मीच काढून घेतलंय.”

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“जिती आसा?” भागीरथीनं विचारलं.

“नाही. दहा वर्षं झाली.”

तिनं पदरानं कपाळ पुसलं. “आनी आमी हय रोज तिका शिव्या घालतंव.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. तिनं फक्त जाळ्याचा एक कोपरा उचलून माझ्या हातात दिला आणि दाखवलं. जाळ्याच्या आसांतून, म्हणजे भोकांतून, पाणी निथळून जायला पाहिजे, ती आसं पिशव्यांनी बुजतात. मग जाळं माशांऐवजी पाणीच ओढून आणतं. दोरी हाताला कापते. जाळं फाटतं. फाटलं की सगळं गाव दोन दिवस शिवत बसतं, आणि त्या दोन दिवसांत चूल कशावर पेटायची ते ज्याचं त्यानं बघायचं.

“लिवलेला आसा ना तुज्या पिशयेर, पुन्हा याल म्हणान,” ती म्हणाली. “येतच ऱ्हवता ती.”

कोणीतरी बाई हसली. मग सगळ्याच हसल्या. मीसुद्धा हसलो, आणि नंतर हसताना चेहरा कुठं ठेवावा ते कळेना.

वाटे पडले. वाळूवर मासळीचे छोटे ढीग, दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा एक. आमच्या तिघांच्या वाट्याचे बांगडे भागीरथीनं केळीच्या पानावर घातले. मग तिनं मागच्या कचऱ्यातून माझ्या पिशव्या, नाव नि चित्र ओळखू येत होतं तेवढ्या, एकेक वेगळ्या काढल्या, समुद्रात खळबळून घेतल्या आणि पानाशेजारी ठेवल्या.

“ह्यो तुमचो वाटो,” ती म्हणाली. “आवशीक घराक घेऊन जा.” आवस म्हणजे आई.

भागीरथीचं घर

नंतर तिनं आम्हाला घरी जेवायला नेलं. आमच्याकडं माणूस जेवायला बोलावतो म्हणजे हात धरून ओढतो, नाही म्हणालात तर भांडतो. भागीरथी नुसती पुढं चालायला लागली. येणार असाल तर या.

बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, जाड उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. नानानं आधी बोटानं चव घेतली. मग ताट पुढं ओढलं. तिसऱ्यांदा भात मागताना तो म्हणाला, “आक्का, आमच्याकडं भाताची शेती हाय, पण भात असा ताठ उभा ऱ्हात न्हाई.”

मंगलनं किटली उघडून पांढरा रस्सा वाटीत दिला. भागीरथीनं एक घोट घेतला, थांबली, वाटीत पाहिलं.

“ही कोण? सोलकढीची गोरी भैण?”

मग ती आईबद्दल विचारत बसली. बोलायची कशी, रागवायची का, हाताला चव कोणाची आली. मी सांगत गेलो. शेगडी, हमाल, किटली, तुळशीची मंजिरी. पेंटरपुढं तीन दिवसांत सांगितलं त्याहून जास्त मी त्या ओसरीवर सांगितलं. निघताना किटलीत थोडा रस्सा उरला होता. मी ती उचलायला वाकलो तर मंगलनं माझा हात धरला.

“राहू द्या. त्यांना संध्याकाळी होईल.”

“अगं, आईची किटली आहे ती.”

“म्हणूनच.”

त्या वेळी मला काही कळलं नाही. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, “ती रिकामी परत येणार नाही. म्हणजे आपल्याला परत यावं लागंल. आणि पुन्हा ह्या तोंडानं यायचं न्हाय.”

मधलं वर्ष

कोल्हापुरात आल्यावर मी एकदम पेटलो. माझा हा दोष आहे, मी हळू काही करू शकत नाही. खानावळीतल्या सगळ्या छापील पिशव्या, बंदरावरून वाट्याला आलेल्या पिशव्या, छपाईचा ठसा, सगळं पोत्यात भरलं आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यात नेऊन माझ्यासमोर वितळवायला लावलं. एकसुद्धा ठेवली नाही. विजयी मुद्रेनं घरी आलो, हात धुतले, आणि मंगलनं विचारलं, “आईचं चित्र?”

पेंटर आदल्याच वर्षी गेला होता. कागदावरचं मूळ चित्र त्याच्या घरी शोधलं, सापडलं नाही. मी दुसऱ्या दोघांपुढं बसून बघितलं. त्यांनी काढल्या त्या बाया चांगल्या होत्या, पण आमच्या नात्यातल्या नव्हत्या. माझी वर्णनशक्तीही आता तशी राहिली नव्हती. आईचे डोळे कसे होते हे मला माहीत होतं, सांगता येत नव्हतं.

ते दुःख गल्ल्याखाली ठेवलं आणि किटल्यांच्या मागं लागलो.

पिशवी बंद, तर रस्सा घाट उतरणार कसा? साध्या किटलीचं झाकण वळणाला उडतं. हातकणंगल्याचे इरगोंडा अण्णा पत्र्याची भांडी करतात, त्यांच्याकडं गेलो. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि हिशेब मनात, असा शांत माणूस. त्यांनी मला बोलू दिलं, मग मंगलला विचारलं, “अक्का, कुकरची जुनी रबरी रिंग हाय काय घरात?”

झाकणाखाली रिंग आणि वरून दाबून बसणारी एक आडवी पट्टी, अशी ती रचना. चाचणीची पद्धत माझी. भरलेली किटली नानाच्या मांडीवर, नाना शुभ्र धोतरात, गाडी मी चालवणार, भुईबावड्याचा घाट खाली आणि वर. धोतर पांढरं राहिलं तर किटली पास. पहिल्या तीन किटल्यांनी धोतर रंगवलं. चौथ्या वेळी नाना म्हणाला, “तांबडा रस्सा थंड करून भरा, न्हाईतर माझा राजीनामा.” पाचवी किटली कोरडी उतरली. नाना गाडीतून उतरून स्वतःभोवती एक गिरकी घेऊन सगळ्यांना धोतर दाखवत होता.

गिऱ्हाईकांना मात्र किटली पटेना.

“पावणं, पिशवी द्या की. कुठं भांडं वागवत बसू?”

“पिशवी न्हाय.”

“मग शेजारी जातो.”

“जावा.”

आणि जायचे. दोन-अडीच महिने रविवारी माझ्या दारात मी आणि माशा. नानानं मला वेड्यात काढलं. मंगलनं सकाळी कमी मटण आणायला सुरुवात केली, ते मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग एका रविवारी एक कुटुंब किटली घेऊन गेलं. दारात पाटी होती, मंगलच्या अक्षरात: ‘अनामत नको. किटली रिकामी आणू नये, एवढंच.’ संध्याकाळी परतताना त्यांनी ती आणून दिली. आत आमसुलं. पुढच्या रविवारी दोन घरं. सुकट, शिंपल्या, एक नारळ. कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ काहीच मिळालं नाही म्हणून ओशाळून मूठभर वाळू घालून घेऊन आले. मंगलनं झाकण उघडून बघितलं आणि अशी हसली की मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो. ते हसणं मी पूर्वी पाहिलं होतं.

त्या वाळूवरूनच तिला सुचलं. पाटीवर तिनं एक ओळ वाढवली: ‘काही नाही मिळालं तर आपलाच कचरा घालून आणा.’ आणि लोक आणायला लागले. वेफर्सची पाकिटं, बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्या. रिकामं भांडं परत द्यायला कोल्हापूरच्या माणसाला लाज वाटते, मग दुसरं काही नाही तर कचरा. मी तो घेताना प्रत्येक वेळी खाली वाकून मुजरा करायचो. पोरंटोरं तो मुजरा बघायला मुद्दाम कचरा गोळा करून आणत असत, असा माझा संशय आहे.

पुन्हा बंदर

दुसऱ्या वर्षी जानेवारीतच गेलो. या वेळी सोबत जेवण नव्हतं. नानानं आदल्या दिवशीपासून पोट रिकामं ठेवलं होतं.

रापण ओढली. नाना आता हळू ओढायला शिकला होता. जाळं आलं. बाटल्या होत्या, चपला होत्या, पिशव्याही होत्या. निळ्या, काळ्या, कुठल्याकुठल्या. समुद्र काही एका खानावळीनं भरलेला नव्हता, आणि एका खानावळीनं तो रिकामा होणारही नव्हता. पण मी निवडायला बसलो आणि शेवटपर्यंत बसलो, आणि लाल रंगाचं काही हाताला लागलं नाही.

“बाकीचे येतत,” भागीरथी म्हणाली. “तुजी आवस येना नाय आता.”

“मग पिशवीला काय म्हणता?”

“पिशवी म्हणतंव. आनी काय म्हणतलंव?”

जेवताना मी तिला वितळवलेल्या पोत्याची गोष्ट सांगितली. हसवायला म्हणून सांगायला लागलो होतो, कारखानदाराची नक्कलही केली. चित्रापाशी आलो आणि नक्कल संपली. घरात आता तिचा चेहरा कुठंच नाही, एवढं म्हणून मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली. भागीरथी उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात आमची किटली होती, राखेनं घासून लखलखीत केलेली, झाकण लावलेली.

“घे. रिकामी दिवक नाय,” ती म्हणाली. “हय उघडू नको.”

गगनबावडा

नानाला धीर निघेना. घाट चढताना तो दर वळणाला किटलीकडं नाक नेत होता.

“सुकट न्हाई. वास न्हाई. काजू असतील, बाळू.”

“तू समोर बघ.”

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. दुपार कलली होती, वारा दरीतून वर येत होता. मी बाकड्यावर बसून झाकण काढलं. आत घडी केलेली एक पिशवी होती. स्वच्छ धुतलेली, वाळवलेली. घडी उलगडली. फिकट गुलाबी. अक्षरं गेलेली. कुंकू गेलेलं. डोळे.

पावसाच्या आधी कधीतरी शेवटची आलेली असणार. भागीरथीनं ती टाकली नव्हती.

मी ती दोन्ही हातांत धरून बघत होतो. मग चष्मा पुसायला एक हात सोडला, आणि वाऱ्यानं तेवढी संधी घेतली. पिशवी हातातून सुटली, टपरीच्या छपरावरून गेली आणि कड्याकडं निघाली. वर्षापूर्वी याच घाटात मी एक पिशवी अशीच जाताना कौतुकानं पाहिली होती.

मी हललोच नाही. मंगल पळाली. पण तिच्याही पुढं नाना गेला. आखाडा सोडून वीस वर्षं झालेला, जिना चढताना तीनदा थांबणारा नाना. धोतर एका हातात धरून तो कठड्यापर्यंत गेला आणि करवंदीच्या जाळीवर पिशवी क्षणभर अडकली, तेवढ्यात त्यानं सगळं अंग जाळीवर टाकलं.

आम्ही पोचलो तेव्हा तो काट्यांत पालथा पडला होता.

“घावली का?” मंगलनं विचारलं.

“छातीखाली हाय,” तो म्हणाला. “आधी हात घालून काढून घ्या. मग मला उठवा.”

त्याच्या अंगावर ओरखडेच ओरखडे होते. टपरीवाल्यानं हळद दिली. मंगल ती लावत असताना नाना एकदाच म्हणाला, “मावशीनं मला लई जेवू घातलंय, बाळू.” आणि मग चहात साखर कमी आहे म्हणून टपरीवाल्याशी भांडायला लागला.

पिशवी पुन्हा घडी करून किटलीत ठेवली. झाकण दाबून बसवलं. मंगलनं किटली मांडीवर घेतली आणि कोल्हापूर येईपर्यंत झाकणावरचा हात काढला नाही.

दारात जीप थांबल्यावर मी किटली घेऊन उंबऱ्याकडं निघालो.

“थांबा,” मंगल म्हणाली.

ती आत गेली. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. लांबून घरी आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तो तुकडा तिनं किटलीवरून ओवाळला, बाजूला टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं.

“आता या आत,” ती म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती.